डॉ. होमी भाभा आणि आमच्या घरचा पेच

माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे याचे तुम्हांस नवल वाटेल; पण निमित्त घरचेच घडले. माझी थोरली मुलगी येथे नंदुरबारला बी. एस्सी. करते. भौतिकशास्त्र तिच्या आवडीचे; पण जोडीला गणित किती घ्यावे हा पेच. सिद्धतांचे अवघड गणित घेतले तर मार्क घसरण्याची भीती, सोडले तर पुढे भौतिकशास्त्र अडण्याची. शिकवणीचा खर्च निराळाच. तिला काय सांगावे हे मला कळेना, म्हणून मी डॉ. भाभांचे चरित्र वाचले.

होमी भाभांचा जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९ चा. मुलाने इंजिनियर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी बॅरिस्टर वडिलांची इच्छा. म्हणून १९२७ साली त्यांना केंब्रिजला धाडले. पण त्यांचे मन भौतिकशास्त्राकडे ओढ घेई. तसे त्यांनी १९२८ साली वडिलांना पत्राने कळविले. वडील रागावले नाहीत, की लगेच मान्यही झाले नाहीत. इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी पुढचा खर्च करीन, असा त्यांनी ठराव केला. १९३० साली मुलाने तो वर्ग मिळविला आणि १९३२ साली गणितातही पहिला वर्ग आणला.

पण ते निव्वळ गणिती झाले नाहीत. अवकाशातून आलेला एक वेगवान कण हवेत शिरला की त्यातून अनेक कण निघतात, त्यांतून आणखी निघतात, आणि कणांची सरच कोसळते. हे कसे घडते ते १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी गणिताने मांडून दाखविले. ते गणित येत नसते, तर ही मांडणी साधली नसती. पुढे १९४५ साली त्यांनी टाटांच्या साहाय्याने मूलभूत संशोधनाची संस्था स्थापिली. तेथेही भौतिकशास्त्राशेजारी गणिताला जागा दिली आणि गोव्याच्या दामोदर कोसंबींसारख्या गणितींना बोलाविले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

मला उमगले ते इतकेच: गणित किती, हे मार्कांवरून ठरवू नये, आपल्याला जे जाणून घ्यायचे आहे त्याला किती लागेल, यावरून ठरवावे. आणि आईबापांनी अडवू नये, पण हाती घेतलेले नीट पुरे करायला लावावे.

मुलीने गणित घेतले आहे. शिकवणीसाठी मी भिशीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. निकाल काय लागायचा तो लागो. रात्री ती वही घेऊन बसली की मीही शेजारी निवडणे-टिपणे घेऊन बसते.