संदर्भांची वाट मोकळी करणारे डॉ. बिलिंग्ज

कराडशेजारच्या मलकापुरात कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे काय किंवा इतरत्र काय, एमडीच्या प्रबंधाचा विषय ठरला, की विद्यार्थी आधी जुने संशोधन शोधायला बसतो. संगणकावर चार शब्द टाकले, की हजारो लेखांची यादी समोर येते. या सोयीचा पाया घातला डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी.

त्यांचा जन्म १८३८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यातला. १८६० मध्ये ते सिनसिनाटीत डॉक्टर झाले. फेफऱ्यावर शस्त्रक्रियेचा कितपत उपयोग होतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. जुन्या रुग्णांची आकडेवारी जमवण्यासाठी त्यांना पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे ढीग उपसावे लागले. त्यात कित्येक महिने गेले. पुस्तकामागच्या सूचीवर भरवसा ठेवता येत नाही आणि सारे वैद्यकीय साहित्य एका ठिकाणी मिळेल असे ग्रंथालय देशात नाही, हे त्यांना कळून चुकले.

पुढे यादवी युद्धात त्यांनी लष्करी शल्यविशारद म्हणून काम केले. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा तिथे जेमतेम काही हजार पुस्तके होती. अध्यक्ष लिंकन यांची हत्या ज्या नाट्यगृहात झाली, त्याच इमारतीत पुढे हे ग्रंथालय होते. तीस वर्षांत ग्रंथसंख्या लाखावर गेली.

नुसती पुस्तके जमवून त्यांचे समाधान झाले नाही. रात्री घरी बसून ते नियतकालिके चाळत, महत्त्वाच्या लेखांवर खुणा करत आणि कारकून ते लेख कार्डांवर उतरवत. त्यातून १८८० ते १८९५ या काळात विषय आणि लेखक यांची सोळा खंडांची सूची छापली गेली. नव्या लेखांसाठी डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्यासह त्यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक सुरू केले. आजच्या ‘पबमेड’चे मूळ तेच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची आखणीही बिलिंग्ज यांचीच. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा धडा विसरला तर काय होते, हे त्याच जॉन्स हॉपकिन्स संस्थेत २००१ मध्ये दिसले. दम्यावरील एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हे औषध हुंगल्यानंतर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका दगावली. संशोधकाने संगणकावर शोध घेतला होता. पण त्या वेळी ती यादी १९६६ पर्यंतच मागे जात होती. या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातील लेखांत होत्या. छापील सूच्या उघडल्या असत्या, तर त्या सापडू शकल्या असत्या.

म्हणूनच एखाद्या उपचाराविषयीचे सगळे पुरावे एकत्र तपासताना शोधाची आखणी आधी करावी लागते. प्रश्न नेमका ठरवावा. कोणत्या सूच्या, कोणत्या काळातल्या, कोणते शब्द वापरून आणि कोणत्या तारखेला पाहिल्या, हे लिहून ठेवावे. किती लेख मिळाले, किती वगळले आणि का वगळले, याचीही नोंद हवी. मग दुसऱ्या कुणालाही तोच शोध पुन्हा करून पाहता येतो आणि काय पाहायचे राहिले, तेही दिसते. रुग्णाचा जीव कधी कधी या वहीतल्या नोंदींवर अवलंबून असतो.