सूर्यकणांचे शोधक : रेमंड डेव्हिस

सूर्याच्या गर्भात हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होत असते. त्या वेळी उष्णतेबरोबरच न्यूट्रिनो नावाचे असंख्य सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते पृथ्वीतूनही आरपार निघून जातात. असे कण पकडण्याचे अवघड कार्य रेमंड डेव्हिस यांनी अंगीकारले.

डेव्हिस यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे झाला. येल विद्यापीठात रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविल्यावर १९४८ साली ते ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत रुजू झाले.

पुढे दक्षिण डाकोटा राज्यातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, त्यांनी एक प्रचंड टाकी उभारली. अवकाशातून येणारे इतर कण तेथे क्वचितच पोहोचत. टाकीत कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी वापरला जाणारा क्लोरीनयुक्त द्रव सुमारे ३ लक्ष ८० हजार लिटर भरला होता. क्लोरीनच्या अणूने न्यूट्रिनो ग्रहण केला, तर त्याचा आर्गॉनचा अणू बनतो. असे मोजके अणू त्या अथांग द्रवातून वेचून काढायचे होते!

१९६८ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जॉन बाकॉल यांच्या गणितापेक्षा न्यूट्रिनो फारच कमी आढळले. पुढील मोजणीतही सुमारे एकतृतीयांशच हाती लागले. प्रयोगातच चूक असावी, असे अनेकांना वाटले. डेव्हिस रागावले नाहीत. त्यांनी टाकीत ठराविक आर्गॉन मुद्दाम सोडला. तो जवळजवळ सर्व परत मिळाला. प्रयोग निर्दोष होता. सुमारे तीस वर्षांत त्यांनी अवघे दोन हजारांच्या आसपास अणू मोजले; परंतु गणिताशी जुळावा म्हणून आकडा कधी बदलला नाही.

मग उरलेले न्यूट्रिनो गेले कोठे? न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात. सूर्यात एकच प्रकार निर्माण होतो आणि डेव्हिस यांची टाकी तेवढाच ओळखत असे. वाटेत त्यांतील बरेच कण आपला प्रकार बदलतात. ब्रुनो पोंतेकोर्व्हो यांनी हा तर्क पूर्वीच मांडला होता. २००१ व २००२ साली कॅनडातील सडबरी येथील प्रयोगात तिन्ही प्रकार मोजले गेले, तेव्हा बेरीज गणिताशी जुळली. बाकॉल यांचे गणित बरोबर होते आणि डेव्हिस यांची मोजणीही!

२००२ साली डेव्हिस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. ३१ मे २००६ रोजी त्यांचे निधन झाले. जे दिसले तेच प्रामाणिकपणे सांगणे आणि उत्तर मिळेपर्यंत धीर न सोडणे, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.