योग प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद



स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. घरची गरिबी, पण मुलगा हुशार. १९०३ साली मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी अंग कमावले. पुढे खानदेशात अमळनेरला ते शिक्षक झाले. १९१९ साली नर्मदाकाठी मालसर गावी परमहंस माधवदासजी यांच्याकडे ते योग शिकले.

त्या काळी योग म्हणजे साधूबाबांचा चमत्कार, असे पुष्कळांना वाटे. गुणे यांना असे ऐकीव काही पटत नसे. श्वास सोडून पोट आत ओढले की आत नेमके काय होते? त्यांनी सरळ बडोद्याच्या दवाखान्यात जाऊन क्ष-किरणांनी पोटाची छायाचित्रे काढवली! नौली करताना आतड्यातला दाब कमी होतो, हे यंत्राने मोजून दाखवले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. गांधीजींनीसुद्धा आपल्या तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी वारले. कैवल्यधामचे काम मात्र आजही चालू आहे.

मला हे चरित्र का आवडले, तेही सांगतो. वर्गात सगळ्यांत जाड मीच आहे. खो-खोत मला कोणी पटकन घेत नाही. पण आसनाला गडी लागत नाहीत, बूट लागत नाहीत. एक सतरंजी पुरे. भुजंगासन, ताडासन, वज्रासन करताना कोणाच्या पुढे जायचे नसते. अंग मोकळे होते, श्वास लांब होतो, मन थोडे शांत होते. मात्र नुसत्या आसनांनी वजन झपाट्याने उतरत नाही, कारण पळण्याइतकी ताकद त्यात खर्च होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीचा खेळ खेळावा. म्हणजे योगही हवा आणि धावणेही हवे. नौलीसारख्या क्रिया मात्र आपण मुलांनी मनाने करू नयेत.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पूर्वी पोरं पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जात. आता कितीतरी पोरं मोबाईल घेऊन बसतात, अन् हातात दुकानातला पुडा. पालकांना माझी विनंती आहे, जाड पोराला उपाशी ठेवू नका. वाढत्या अंगाला भात, वरण, अंबाडीची भाजी, अंडी पाहिजेतच. पुडे तेवढे कमी आणा. आणि त्याला जाड्या म्हणून हसू नका. हसल्यावर पोरगं मैदानावर येतच नाही, मग वजन कमी कसं होईल?

स्वामीजींनी आधी मोजले, मग सांगितले. आपणही दर महिन्याला उंची आणि वजन वहीत लिहू, रोज सूर्यनमस्कार घालू आणि फरक स्वतः पाहू. अशा या थोर पुरुषास माझे वंदन!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी