ख्रिस्तवासी फादर सांतापाव आणि पाचगणीची आमरी

ज्येष्ठ-आषाढाच्या दिवसांत दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले असता समोर राजपुरीच्या खाडीचे गढूळ पाणी, पलीकडे समुद्रात जंजिऱ्याचा तट आणि पाठीमागे ढगांत बुडालेले डोंगर असा देखावा दिसतो. ह्याच दिवसांत आपल्या कोकणपट्टीतील जुन्या झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते. तिचे गुलाबी ठिपक्यांचे झुबके पाहून कौतुक न करणारा मनुष्य विरळाच. परंतु ती कोणत्या कुळातील, तिचे सोयरे कोण आणि ती मातीवाचून कशी जगते, असे प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतात. असे प्रश्न विचारण्यातच ज्यांनी आपले आयुष्य वेचले आणि तेही एका धर्मगुरूचा झगा अंगावर असताना वेचले, त्या फादर हर्मेनेगिल्द सांतापाव ह्यांचे चरित्र महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेत थोडक्यात सादर करीत आहोत.

फादर सांतापाव ह्यांचा जन्म 5 डिसेंबर 1903 रोजी स्पेन देशातील तारागोना प्रांतात ला गालेरा नावाच्या गावी झाला. त्यांनी येशूसंघात प्रवेश केला, आणि त्या संघाच्या शिस्तीप्रमाणे त्यांचे शिक्षण स्पेनमध्ये व पुढे रोम येथे झाले. 1927 साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनी संपादन केली व दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1928 साली, ते हिंदुस्थानात आले. पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबईच्या मिशनाचे काम मुख्यतः जर्मन व स्विस येशूसंघीयांकडे होते. युद्धामुळे जर्मन धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला, आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी स्पेनमधून अनेक तरुण येशूसंघी इकडे येऊ लागले. सांतापाव हे त्यांपैकीच एक होत.

वरिष्ठांच्या आज्ञेने ते पुढे लंडन येथे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. तेथील विद्यापीठाची पदवी व नंतर डॉक्टरेट मिळविल्यावर क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रहालयात त्यांनी सुमारे दोन वर्षे काम केले. पिरेनीज व आल्प्स ह्या पर्वतांतही त्यांनी वनस्पती गोळा केल्या. 1940 साली ते मुंबईस परतले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या महाविद्यालयात त्यांना एक मोठा वारसा लाभला. स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लाटर हे 1903 साली मुंबईस आले होते. त्यांनी शुष्क वनस्पतींचा मोठा संग्रह उभारला, महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले, काही वर्षे पाचगणीस वास्तव्य केले आणि 1934 साली ते प्रभुचरणी लीन झाले. फादर सांतापाव ह्यांनी हा संग्रह हाती घेतला व 1941 पासून त्यास ब्लाटर हर्बेरियम असे नाव मिळाले. आपल्या पूर्वसूरीचे नाव पुढे करून स्वतः मागे राहणे हा गुण त्यांच्या साऱ्या कार्यात दिसून येतो.

हर्बेरियम म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. झाडाची फुलांसह फांदी, किंवा झाड लहान असल्यास ते मुळासकट, कागदाच्या घड्यांत दाबून वाळवावयाचे. मग ते जाड कागदावर चिकटवून त्याखाली स्थळ, तारीख व गोळा करणाराचे नाव लिहावयाचे, आणि कुळांप्रमाणे कपाटांत लावून ठेवावयाचे. अशा रीतीने ठेवलेले पान शंभर-दोनशे वर्षे टिकते. मनुष्य जातो, रान तुटते, गावाचे नावही बदलते. परंतु तो कागद अमुक ठिकाणी अमुक दिवशी अमुक झाड उभे होते अशी साक्ष देत राहतो. पावसाळ्यात कागद भिजतात व बुरशी धरते, म्हणून ते रोज बदलून विस्तवाच्या उबेवर सुकवावे लागतात. सह्याद्रीची बहुतेक फुले नेमकी पावसातच फुलत असल्यामुळे ज्याला ही विद्या साधावयाची त्याने अंगावर पाऊस घेतलाच पाहिजे.

फादर सांतापाव ह्यांनी तो घेतला. खंडाळ्याच्या डोंगरांत ते वर्षानुवर्षे, ऋतू बदलेल तसतसे, फिरत राहिले, आणि त्या एका परिसरातील वनस्पतींचे वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. पुरंदरच्या वनस्पतींवरही त्यांनी असाच ग्रंथ रचला. सात वर्षांनी एकदाच फुलून मरणारी कारवी व तिच्या कुळातील इतर झुडपे हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर डाल्झेल व गिब्सन ह्यांचा 1861 सालचा आणि थिओडोर कुक ह्यांचा 1901 ते 1908 ह्या काळात प्रसिद्ध झालेला, असे मोठे ग्रंथ पूर्वीच होते. परंतु छापलेले आहे म्हणून ते बरोबरच आहे असे न मानता, डोंगरात जाऊन झाड पाहावे, संग्रहातील नमुन्याशी ताडून पाहावे आणि मगच लिहावे, हा त्यांचा शिरस्ता होता.

आता ज्या आमरीचे नाव ह्या लेखाच्या शिरोभागी आहे तिच्याकडे वळू. आमरी म्हणजे ज्यांना इंग्रजीत ऑर्किड म्हणतात त्या कुळातील वनस्पती. त्यांपैकी काही सीतेच्या वेणीप्रमाणे झाडांवर राहतात, तर काही जमिनीत कंद धरून राहतात. जमिनीतील ह्या आमरींचा हॅबेनारिया नावाचा एक मोठा गण आहे. फुलाच्या लांब, अरुंद भागांवरून वादी किंवा लगाम अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव पडले आहे. उन्हाळ्यात ह्या वनस्पतीचा मागमूसही दिसत नाही. पहिल्या पावसानंतर कंदास अंकुर फुटतो, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पांढरी किंवा हिरवट फुले येतात, आणि पाऊस सरला की पुन्हा सर्व काही जमिनीखाली जाते. फुलाच्या पाठीमागे मधाची एक बारीक नळी असते. त्या मधासाठी येणारे कीटक, बहुधा रात्रीचे पतंग, परागांचे पुंजके एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. बी तर धुळीसारखे सूक्ष्म. त्यात अन्नाचा साठा नसतो, म्हणून मातीतील विशिष्ट बुरशीचे साहाय्य मिळाल्यावाचून ते रुजतच नाही. इतक्या जणांची गाठ पडावी तेव्हा कोठे एक आमरी उभी राहते!

पाचगणीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर असून ते जांभ्या दगडाचे आहे. त्यावर मातीचा थर पातळ, उन्हाळ्यात कातळ तापलेला आणि पावसाळ्यात पाणी व धुके. अशा ह्या खडतर भूमीच्या परिसरातील एक हॅबेनारिया पूर्वीच्या ग्रंथांतील कोणत्याही वर्णनाशी जुळत नाही, असे फादर सांतापाव व त्यांचे शिष्य झेड. जे. कापडिया ह्यांस आढळून आले. हे दोघे त्या काळी मुंबई राज्यातील सर्व आमरींची नव्याने छाननी करीत होते.

नवीन जात आहे असे म्हणणे सोपे, सिद्ध करणे अवघड. एखादे फूल निराळे दिसले तर ते कदाचित केवळ उन्हापावसाच्या फरकाने तसे झालेले असते, किंवा दूरच्या देशात कोणी त्याचे वर्णन आधीच करून ठेवलेले असते. म्हणून शोधकास फुलाचे भाग सुटे करून भिंगाखाली मोजावे लागतात: बाहेरची तीन दले, आतील दोन पाकळ्या, तिसरी पाकळी जी ओठ म्हणून ओळखली जाते, आणि मधाची नळी. मग जवळच्या सर्व जातींचे नमुने व जुनी पुस्तके काढून एकेका लक्षणाची तुलना करावयाची. इतके करूनही फरक कायम राहिला तर वर्णन लिहून, नमुना संग्रहालयात ठेवून, ते छापावयाचे. 1935 पासून 2011 च्या अखेरपर्यंत असे वर्णन लॅटिन भाषेत असावे असा आंतरराष्ट्रीय नियम होता. ज्या भाषेत फादर प्रतिदिनी मिस्सा अर्पण करीत व ज्या भाषेत त्यांनी रोम येथे तत्त्वज्ञान शिकले, तीच भाषा डोंगरातील फुलाच्या कामी आली.

हे वर्णन 1957 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाव ठेवले हॅबेनारिया पाचगणिएन्सिस, म्हणजे पाचगणीची हॅबेनारिया. फुलास त्यांनी स्वतःचे, आपल्या मातृभूमीचे किंवा एखाद्या धनिकाचे नाव दिले नाही. ज्या मातीने त्यास जन्म दिला तिचेच नाव दिले. ही आमरी सह्याद्रीच्या उत्तर भागातील पठारांवाचून जगात अन्यत्र आढळत नाही. पुढे 1966 साली सांतापाव व कापडिया ह्यांचा मुंबईच्या आमरींवरील ग्रंथही प्रसिद्ध झाला.

एव्हाना फादरांवर मोठी जबाबदारी येऊन पडली होती. 1890 साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेची 1954 साली पुनर्घटना झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांस तिचे प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून पाचारण केले. 1961 साली ते तिचे संचालक झाले. त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले होते. आणि 1967 साली राष्ट्राने त्यांचा पद्मश्री देऊन गौरव केला. त्याच वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त होऊन ते पुन्हा आपल्या महाविद्यालयात आले. 13 जानेवारी 1970 रोजी, वयाच्या 67 व्या वर्षी, ते ख्रिस्तवासी झाले.

एखादा भाविक विचारील की, धर्मगुरूने आत्म्यांची चिंता सोडून गवतफुले का मोजावीत? ह्या शंकेचे उत्तर पवित्र शास्त्राच्या पहिल्याच ग्रंथात आहे. परमेश्वराने प्राणी निर्माण केले व ते आदामापुढे आणले, ते त्याने त्यांस नावे ठेवावीत म्हणून. नाव ठेवणे म्हणजे ओळख करून घेणे, आणि ज्याची ओळख झाली त्याची काळजी वाहण्याचे ओझे आपोआपच शिरावर येते. निनावी गवत तुडविले तर कोणास दुःख होत नाही; परंतु नाव असलेली जात नाहीशी झाली तर ती नाहीशी झाली असे लिहावे लागते. 2015 साली पोप फ्रान्सिस ह्यांनी आपल्या परिपत्रकात सृष्टीस सर्वांचे सामाईक घर मानून तिचे जतन करण्याचा उपदेश केला. त्या घराची खानेसुमारी आपले हे फादर कितीतरी आधी करीत होते.

आणि ती खानेसुमारी वेळेवर झाली हे बरे झाले. पाचगणीच्या पठारावर आज प्रवाशांची व घोड्यांची वर्दळ असते. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, आणि कासचे फुलांचे पठार 2012 साली जागतिक वारशात गणले गेले. अशा वेळी अमुक जात येथेच आहे व अन्यत्र नाही, हे सांगावयास पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजेच हर्बेरियमच्या कपाटातील वाळलेले पान व त्याखालील तारीख.

दिघीहून पाचगणी दूर वाटते. परंतु आपल्या तालुक्याच्या दक्षिण टोकाशी बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळणारी सावित्री नदी त्याच महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते. त्या डोंगरावरचे रान राहिले तर खालच्या नदीस पाणी राहील. म्हणून वाचकहो, येत्या पावसाळ्यात आपल्या वाडीतील एखाद्या जुन्या झाडावर सीतेची वेणी दिसली, तर ती ओरबाडून आणण्यापूर्वी क्षणभर थांबा. मुलांना जवळ बोलावून तिचे नाव सांगा. ला गालेराहून आलेल्या एका धर्मगुरूने आपल्या डोंगरांसाठी जे केले त्याची ह्याहून सोपी परतफेड दुसरी नाही. प्रभू त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.