डॉ. हाफकिन

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात डॉ. वाल्डेमार हाफकिन तेथे आले. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा नगरीत झाला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी लस तयार करावयास घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत. आपल्या ताटातील तूप असे प्रयोगशाळेत कामी आले! मग उष्णता देऊन ते जंतू मारीत. मेलेले जंतू रोग देत नाहीत. मात्र शरीरास त्याच्याशी झुंजावयास शिकवितात.

सशांवर प्रयोग यशस्वी झाले. पण माणसास ती लस बाधणार नाही, हे कोणी पाहावे? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही मोठ्या प्रमाणात. सडकून ताप भरला, तरी ते डगमगले नाहीत. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वखुशीने पुढे आले.

१९०२ साली पंजाबात एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला. तो खोटा ठरावयास १९०७ साल उजाडले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली ते निवर्तले.