पगार चांगला होता, पण मन रमेना!

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय. पोराला कुठं घालायचं? पोरीनं काय घ्यायचं? शेजारच्यांचा मुलगा इंजिनीअर झाला म्हणून आपलाही व्हायला हवा, असं नकळत ठरून जातं. अशा वेळी आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीतला एक माणूस आठवतो. कर्मवीर भाऊराव पाटील!

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं मात्र सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. वडील महसूल खात्यात नोकरीला. मुलानं शिकून सरकारी नोकरी धरावी, असं कुठल्या बापाला वाटणार नाही? भाऊरावांना कोल्हापूरला ठेवलं. पण अभ्यासात गती बेताचीच. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून राहतं बोर्डिंगही सोडावं लागलं. इंग्रजी सहावीपर्यंतच शाळा झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘वाया गेलेला मुलगा’!

मग ते साताऱ्याला आले आणि शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री करायचं काम मिळालं. बोलणं रोखठोक, चालायचा कंटाळा नाही, शेतकऱ्यांशी लगेच गट्टी जमायची. नांगर खपू लागले, घरात पैसा येऊ लागला. साताऱ्याला कूपर यांचा कारखाना उभा राहिला, त्यातही त्यांचा हात होता.

सगळं बरं चाललेलं, पण मन रमेना. गावोगाव फिरताना त्यांना शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं दिसत. नांगर घेणाऱ्या बापाला पावती वाचता येत नसे. या पोरांनी शिकावं, ही तळमळ जुनीच होती. सांगलीजवळच्या दूधगावात मित्रांच्या साथीनं त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रमही काढला होता. अखेर ४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. काही काळानं कारखान्याशीही संबंध तुटला आणि भाऊराव पूर्णवेळ या कामाचे झाले.

गंमत बघा, अंगचे गुण तेच राहिले. गावोगाव फिरणं तेच, लोकांना पटवणंही तेच. आधी नांगर विकायचे, आता पोरांसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य मागायचे. ज्या कामात जीव होता, त्या कामाला ते गुण लागले एवढंच.

पण मैत्रिणींनो, या गोष्टीची दुसरी बाजू आपण बायकांनी विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाई खात्यापित्या घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याचा पगार थांबला आणि घरात परक्या पोरांची पंगत बसू लागली. त्यांनी सोवळं सोडलं, पोरांना आईची माया दिली. बोर्डिंगमधलं धान्य संपलं तसे एकेक दागिने गेले. एके दिवशी गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांना बघता आला नाही. सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

भाऊराव थांबले नाहीत. १९३५ मध्ये साताऱ्याला शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये कमवा आणि शिका तत्त्वावरचं महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

तेव्हा कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी पोरापोरींना दोन गोष्टी जरूर विचारा. तुला काय चांगलं जमतं? आणि ते कशासाठी वापरावंसं वाटतं? दोन्हींची सांगड बसली तर मार्क थोडे कमी असले तरी बिघडत नाही. मात्र अशा वाटेची किंमत सगळं घर मोजत असतं. म्हणून ठरवताना सगळ्यांनी एकत्र बसा, आणि आईचं म्हणणंही ऐकलं जाऊ द्या.