स्त्रादिवारी यांचा सरस

व्हायोलिनचा विषय निघाला की अंतोनियो स्त्रादिवारी यांचे नाव येतेच. त्यांचा जन्म १६४४ च्या सुमारास झाला. इटलीतील क्रेमोना येथे त्यांनी आयुष्यभर वाद्ये घडवली. फ्रान्चेस्को व ओमोबोनो हे मुलगे हाताखाली काम करीत. नव्वदी उलटल्यावरही त्यांचे काम चालूच होते. १८ डिसेंबर १७३७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लाकडाविषयी आणि रोगणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्हाला आज सांगायचे आहे ते सरसाविषयी. आजोबांना विचारा, आपले जुने सुतारही सरस वापरीत. तो जनावरांच्या कातड्यापासून करतात. पाण्यात भिजवून साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. उकळला तर त्याची ताकद जाते. लावताच तो थिजू लागतो, म्हणून फळ्या आधीच नीट बसवून पाहाव्या लागतात.

वाळल्यावर सांधा पक्का होतो, पण ऊब आणि ओल दिली की पुन्हा सुटतो. पुढे १९ व्या शतकात मोठ्या सभागृहांसाठी भारदस्त आवाज हवा झाला. तेव्हा कारागिरांनी स्त्रादिवारींची व्हायोलिने उघडली, त्यांच्या माना आणि आतल्या पट्ट्या बदलल्या व सरसानेच पुन्हा बंद केली. आज त्यांची सुमारे ६५० वाद्ये शिल्लक आहेत, त्याचे एक कारण हा सुटणारा सांधा.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यानंतर येणाऱ्याला दुरुस्ती करता यावी असे काम करणारा कारागीर आम्हाला थोर वाटतो.